दीड हात

सईच्या हातमोज्यांचे तळवे काळे झाले होते, आणि त्यावरून सकाळीच घरात ठिणगी पडली.

"पुन्हा नेलंस पोरीला जळक्या वनात?" ऋजुताच्या सासूने, अम्मांनी, ते लाल लोकरीचे मोजे चिमटीत धरून तिच्या नाकासमोर नाचवले. "देवाचं वन जळलं, तिथं कुणी पाऊल टाकत नाही. आणि तू चार वर्षांच्या लेकराला खेळायला नेतेस!"

"खेळायला नव्हते गेले, अम्मा. बर्फ मोजायला गेले होते. तुम्ही सांभाळत नाही म्हणालात, म्हणून तिला घेऊन गेले."

"मी पोर सांभाळू, मग गाई कोण सांभाळणार? तुझं यंत्र?"

यंत्र हा शब्द अम्मा सवतीचं नाव घ्यावं तसा घ्यायच्या. मोजे घेऊन ऋजुता मोरीत बसली, पण पाणी ओतायच्या आधीच तिचा हात थांबला.

सईच्या बाबतीत तिला सगळं दिसायचं. सई किती वेळा खोकली, डाव्या गालावरचा लाल ठिपका कालच्यापेक्षा वाढला की नाही, भात किती घास गेला. लोकिंदर, तिचा नवरा, चिडवायचा, की पोरीपेक्षा पोरीची नोंदवहीच जाड आहे. काल त्या वनात दोन तास तिने सईवरून नजर हटवली नव्हती. सईने एकाही जळक्या खोडाला हात लावला नव्हता. ती फक्त बर्फात बसून बाहुलीसाठी बीळ खणत होती. पांढऱ्याशुभ्र बर्फात.

मग काळं आलं कुठून?

मोरीच्या खिडकीतून मागचा वाफा दिसत होता. तिथे अम्मा चुलीतली राख टोपलीतून काढून गुडघाभर बर्फावर भिरकावत होत्या. ठरोला गावातल्या सगळ्या बायका मार्चमध्ये हेच करत. राख पडलेलं बर्फ लवकर वितळतं, जमीन मोकळी होते, मटार आधी पेरता येतो.

ऋजुता ओले हात तसेच घेऊन बाहेर आली. "अम्मा, राख टाकली की किती दिवस आधी वितळतं?"

अम्मांनी तिच्याकडे पाहिलं. "पंधरा. ऊन चांगलं असेल तर वीस. गुड्डीलासुद्धा ठाऊक आहे." सईचं मराठी नाव त्या कधीच घेत नसत. "तुला कॉलेजात शिकवलं तरी काय?"

*

ऋजुता साकोलीची. भंडारा जिल्ह्यातली, म्हणजे तळ्यांच्या मुलखातली. वडील पाटबंधारे खात्यात होते. जलविज्ञान शिकताना लोकिंदर भेटला, आणि सहा वर्षांपूर्वी ती हिमाचलातल्या या उंच खोऱ्यात सून म्हणून आली. इथे पाणी वाटणाऱ्याला कोहली म्हणतात हे ऐकून तिला हसू आलं होतं. तिच्याकडे तळी बांधणारे कोहली, इथे पाणी सोडणारे कोहली. वाटलं होतं, माहेरच्याच गावी आले.

ठरोल्याचं सगळं पाणी देवनाळ नावाच्या ओढ्याचं. ओढ्याचं पाणी वरच्या देवदारांच्या वनातल्या बर्फाचं. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळायचं, ओढा फुगायचा, एका दारातून गावच्या तलावात यायचा, आणि जूनभर, पाऊस येईपर्यंत, सफरचंदाच्या बागा त्या तलावावर तगायच्या. चौदा हात खोल तलाव, दगडमातीचा जुना बांध, बांधाखाली खालची वाडी.

चाळीस वर्षं तलावाचं दार झाबेराम सांभाळत होते. लोकिंदरचे ते थोरले काका, म्हणजे ताऊजी. त्यांच्या चाळीस वर्षांच्या खुणा तलावातल्या लाकडी खांबावर होत्या. ऋजुताने त्या सगळ्या उतरवून घेतल्या आणि तिला दिसलं, की या माणसाने एकाही वर्षी तलाव काठोकाठ भरला नव्हता. दर वर्षी तीन हात रिकामे. जूनच्या शेवटी पाटाच्या शेवटच्या बागा सुकायच्या, लोक ओरडायचे, ताऊजी कुणाला उत्तर द्यायचे नाहीत. 'अकार्यक्षम व्यवस्थापन', असं तिने अहवालात लिहिलं. 'तलावाचा पाचवा हिस्सा विनाकारण वाया.'

तो अहवाल वाचूनच दोन वर्षांपूर्वी गावात 'हिमदर्शी' हे यंत्र आलं. ड्रोन वनावरून उडायचा, लेसरने बर्फाची जाडी मोजायचा, आणि हिमदर्शी सगळ्यांच्या मोबाइलवर तारीख पाठवायचं: या दिवशी लोंढा येईल, या दिवशी दार उघडा, या दिवशी बंद करा. दाराला मोटर बसली. पहिल्या वर्षी तारीख एका दिवसानेही चुकली नाही, तलाव काठोकाठ भरला. ताऊजी आपलं बोचकं उचलून मुलाकडे राहायला गेले. त्या दिवसापासून ते ऋजुताशी एक शब्द बोलले नव्हते.

आणि गेल्या मे महिन्यात वन जळलं. तीन दिवस, तीन रात्री. राहिली ती काळी, उभी, बिनपानांची खोडं. देवाचं वन, म्हणून मेलेलं झाडसुद्धा कुणी तोडायचं नाही.

*

दुपारी ती एकटी वनात गेली. फावड्याने तिने छातीइतका खोल खड्डा घेतला आणि त्याची भिंत ब्रशने साफ केली. घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसं बर्फ समोर उलगडलं: पांढरा थर, काळी रेघ, पांढरा थर, काळी रेघ. तिने मोजल्या. चौदा रेघा. हिवाळ्यात चौदा वेळा वारा सुटला होता, आणि प्रत्येक वेळी जळक्या खोडांनी आपली कोळशाची सालपटं बर्फावर झाडली होती. वरून नवं बर्फ पडलं, काळं झाकलं गेलं.

हिमदर्शीने यंदा आनंदाची बातमी दिली होती: बर्फ दीडपट! ते खोटं नव्हतं. हिरव्या देवदाराच्या फांद्या पडणाऱ्या बर्फातलं बरंचसं वरच झेलतात, आणि ते ऊनवाऱ्याने जमिनीला न टेकताच हवेत उडून जातं. झाडांना पानंच उरली नाहीत, तेव्हा आभाळातून पडलं ते सगळं खाली आलं. लेसरने जाडी मोजली, जाडी बरोबर होती.

पण झेलणाऱ्या फांद्या गेल्या तशी सावलीही गेली होती. आणि रंग लेसरला दिसत नाही. स्वच्छ बर्फ दहातले आठ-नऊ हिस्से ऊन परतवून लावतं. कोळसा मिसळलेलं बर्फ निम्मंही परतवत नाही, ते पिऊन टाकतं. ड्रोनला साधा कॅमेराही होता, पण तो उडायचा बर्फ पडून गेल्यावर, आभाळ निवळलं की. म्हणजे नेमका ज्या दिवशी बर्फ सगळ्यात नवं आणि सगळ्यात गोरं असतं त्या दिवशी.

ऋजुताला पुढचं दिसत होतं. वरचा थर वितळेल, पाणी निघून जाईल, पण कोळसा जाणार नाही. चहा गाळल्यावर चोथा गाळण्यात राहावा तसा तो वर राहील. मग दुसऱ्या रेघेचा कोळसा त्यात मिळेल, मग तिसऱ्या. बर्फ जितकं वितळेल तितकं काळं होईल, आणि जितकं काळं होईल तितकं भराभर वितळेल. हिमदर्शी शिकलं होतं ते हिरव्या वनाच्या बावीस वर्षांच्या जुन्या नोंदींवर. या वनाची त्याला ओळखच नव्हती.

त्याने सांगितलं होतं: लोंढा सहा मेला, पंचवीस एप्रिलपर्यंत तलाव रिकामा ठेवा. तिचा हिशोब सांगत होता: चौदा एप्रिल. रिकाम्या तलावाच्या शेजारून सगळं पाणी दरीत निघून जाईल, आणि जूनमध्ये गावाकडे काहीच नसेल.

*

लोकिंदर अंगणात ड्रोनची पाती पुसत होता. हिमदर्शीचा गावातला माणूस तोच.

"एक एप्रिलला दार उघडायचं म्हणतेस? आणि यंत्राची तारीख खरी निघाली तर? भरलेल्या तलावावर दीडपट बर्फाचा लोंढा आला तर बांध राहील?"

"नाही राहणार."

"आयत्या वेळी रिकामा करू म्हणशील, तर खालच्या अरुंद दारातून तलाव रिता व्हायला नऊ दिवस लागतात. लोंढा एका दुपारी येतो, आणि बंद दारावरून उसळून आत घुसतो."

"मला माहीत आहे, लोकिंदर. ते गणित मीच केलं होतं."

त्याने फडकं खाली टाकलं. "सगळं तूच केलं होतंस! तुझ्या अहवालापायी मी ताऊजींशी भांडलो. ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रेला गेलो, त्यांना सगळ्यांदेखत म्हटलं, तुम्ही आता घरी बसा. तेव्हा यंत्र खरं होतं. आता यंत्र खोटं. उद्या मी कुणाशी भांडायचं ते आजच सांगून ठेव."

"यंत्र खोटं नाहीये. त्याला..."

"त्याला काय?"

"त्याला सईचे मोजे दिसत नाहीत."

तो हसला. वाईट हसला. "हे उद्या सभेत सांग. मला बघायचंय."

*

सभा देवळासमोरच्या उन्हात भरली. गावचे प्रधान टेकचंद मध्ये खुर्ची टाकून बसले होते. ऋजुताने खड्ड्याचे फोटो दाखवले, राखेचं उदाहरण दिलं, तारीख सांगितली. टेकचंदांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"दोन वर्षांपूर्वी याच जागी उभी राहून बहू काय म्हणाली होती, मंडळी? माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही. त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. लावू?"

लोक हसले.

"म्हटलं होतं मी," ऋजुता म्हणाली. "चुकले."

"मग आज चुकत नाहीस कशावरून?"

"चुकू शकते. शंभरात चौदा शक्यता आहे, की यंत्राची तारीख खरी निघेल."

मागून एक बाई उठली. खालच्या वाडीतली होती, कडेवर पोर. "चौदा? बांधाखाली आमची अकरा पोरं आहेत. अकरा त्यात गेली तरी तुझ्या चौदातली तीन उरतात. ती कुणाची घेणार, तुझ्या घरची? तुझं घर तर तलावाच्या वर आहे."

आता कुणी हसलं नाही.

"भरू दे तिला."

आवाज भिंतीजवळून आला होता. ताऊजी काठीवर हनुवटी टेकून बसले होते. सगळी सभा तिकडे वळली.

"भरू दे. पण रीत पाळून." त्यांनी ऋजुताकडे पाहिलं नाही. "ज्याचा हात दारावर, त्याची चूल बांधाखाली. वाडीतल्या सगळ्या घरांच्या पुढे, बांधाला चिकटून, ते कोहल्याचं घर कुणी उगाच नाही बांधलं. चाळीस वर्षं माझी चूल तिथे होती. माझ्या आधी माझ्या बापाची. दोन वर्षं यंत्राचा हात दारावर होता. त्याची चूल कुठे होती, हे तुम्ही कुणी विचारलं नाही."

"मी जाईन तिथे राहायला," ऋजुता म्हणाली.

"एकट्या माणसाची चूल नसते." ताऊजींनी आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांचा राग त्या नजरेत जसाच्या तसा होता. "लेकरू आणशील?"

"ताऊजी!" लोकिंदर उभा राहिला.

"तू बस. मी कोहल्याशी बोलतोय."

ऋजुताने दोन दिवस मागून घेतले.

*

शंभरात चौदा. म्हणजे सातात एक. सईला बसमध्ये बसवताना कुणी सांगितलं असतं, की या रस्त्यावर सातातली एक बस दरीत जाते, तर तिने सईला घेऊन पायी डोंगर ओलांडला असता. आणि काल उन्हात उभं राहून तिने अकरा आयांना हाच आकडा किती सहज सांगितला होता. परीक्षेत सांगावा तसा.

साकोलीहून आईचा फोन आला. लोकिंदरने कळवलं असणार.

"अवं, डोकं फिरलं का तुयं? लेकराले घेऊन इकडे ये. कोणाच्या गावासाठी जीव टांगून राहिलीस?"

"आई, पाणी मीच हातात घेतलं होतं त्यांचं."

"मंग देऊन टाक वापस."

"कुणाला देऊ?"

आईने फोन ठेवून दिला.

तिने गणित पुन्हा मांडलं. पण या वेळी प्रश्नच बदलला. आधी तिने विचारलं होतं, तलावात जास्तीत जास्त किती पाणी साठेल. आता तिने विचारलं: यंत्राची तारीख खरी निघाली, भरल्या तलावावर लोंढा आला, आणि खाली सई आहे. तर तलाव किती भरलेला असला म्हणजे बांध टिकेल?

उत्तर आलं: वरचे दीड हात रिकामे ठेवले तर. मग धोका शंभरात चौदाचा हजारात तीन होतो. पण तेवढं पाणी कमी पडल्याने पाटाच्या शेवटच्या बागांना जूनचे अखेरचे बारा दिवस पाणी मिळणार नाही. पाटाच्या शेवटी टेकचंदांची बाग होती. आणि अम्मांची.

हजारात तीनही तिला गिळवेनात. दोन्ही दिवस ती त्या तीनाकडे बघत राहिली. मग तिने ट्रंक काढली आणि सईचे कपडे भरले.

अम्मा दारात आडव्या उभ्या राहिल्या. "गुड्डी कुठेही जाणार नाही."

"अम्मा, वाट सोडा."

"कसली आई आहेस तू?"

सईने दोघींच्या मधल्या फटीतून बाहुली आधी ढकलली आणि मग स्वतः निघून गेली. लोकिंदर ट्रंक उचलून बांधाखाली घेऊन आला, कोहल्याच्या झोपडीच्या दारात ठेवली आणि परत वर गेला.

*

कोहल्याचं घर म्हणजे एक खोली, एक चूल, आणि मागच्या भिंतीपलीकडे बांध. भिंतीला हात लावला की गार लागायचा. ऋजुताने पहिल्याच सकाळी दारापासून वरच्या मोठ्या खडकापर्यंतची पावलं मोजली. तिची बेचाळीस, सईची नव्वद. मग तिने त्याचा खेळ केला. शिट्टी वाजली की खडकावर पळायचं, बाहुली घ्यायची नाही, बूट घालायचे नाहीत, मागे बघायचं नाही. जो आधी पोचेल त्याला गुळाचा खडा. दिवसातून पाच वेळा शिट्टी वाजायची.

"आई, आपण सारखे का हरतो?" एकदा सईने विचारलं.

"कुठे हरतो? तूच तर जिंकतेस."

"मग तू का रडतेस?"

एक एप्रिलला तिने हाताने चाक फिरवून दार उघडलं. मोटर तिने सोडवून ठेवली होती. आठवडाभर ओढ्याला हातभरही पाणी नव्हतं, आणि वाटेने जाणारे मुद्दाम थांबून रिकाम्या तलावात डोकावायचे. "भरला का गं समुद्र?" खालच्या वाडीतल्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या, पण त्यांची पोरं शिट्टी ऐकली की सईबरोबर खडकाकडे पळू लागली होती.

आठ तारखेला ऊन पडलं आणि ते पाच दिवस हललं नाही. वरचं वन आधी करडं दिसू लागलं, मग राखाडी, मग काळं. बर्फ असूनही काळं. बारा तारखेला दुपारी ओढ्याचा आवाज बदलला, आणि दारातून काळंकुट्ट, कोळशाच्या चुऱ्याने भरलेलं पाणी तलावात शिरलं. चार दिवसांत तलाव चढला: पाच हात, आठ, अकरा. साडेबारावर पाणी आलं तशी ऋजुताने चाक फिरवून दार बंद केलं. उरलेलं पाणी दरीत कोसळू लागलं.

तासाभरात टेकचंद आले, मागे वीसेक माणसं. लोकिंदरही होता.

"मानलं, बहू," टेकचंद म्हणाले. "तारीख तुझीच खरी. आता दार उघड आणि काठोकाठ भर."

"साडेबारालाच थांबायचं आहे."

"का?"

"जळलेल्या वनाचं बर्फ संपत आलंय. पण पलीकडच्या उतारावर हिरवं वन उरलंय, तिथलं अजून तसंच आहे. ते मेमध्ये येईल. त्यावर पाऊस पडला तर एकदम येईल."

"तर! तर! आणि नाही पडला तर? डोळ्यांदेखत पाणी दरीत चाललंय. माझ्या बागेला बारा दिवस कमी पडणार हे तूच सांगितलंस ना?"

"हो."

"बाजूला हो."

ती चाकावर बसली. दोघा जणांनी तिचा दंड धरून ओढलं. तिने दोन्ही हातांनी आरे पकडले. एकाने तिच्या बोटांवर बुटाची टाच ठेवली, दाबली नाही, नुसती ठेवली.

"राहू द्या," टेकचंद म्हणाले. "मारामारीची गरज नाही. लोकिंदर, मोटरची तार जोड आणि मोबाइलवरून उघड. पासवर्ड तुझ्याकडे आहे."

लोकिंदर पुढे आला. त्याने तार जोडली. मोबाइल काढला. बांधावरून खाली झोपडीचं दार दिसत होतं. दारात सई उकिडवी बसून बाहुलीला बूट घालत होती. माणसं बघून तिला वाटलं खेळ सुरू होणार. ती उठली, बाहुली खाली ठेवली, आणि शिट्टीची वाट पाहत, एक पाय पुढे टाकून, खडकाकडे तोंड करून उभी राहिली.

लोकिंदर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मोबाइल खिशात टाकला आणि तार उपटली.

"ज्याला भरायचा आहे," तो टेकचंदांना म्हणाला, "त्याने आपली पोरं आणून माझ्या पोरीशेजारी झोपवावीत. मग मी उघडतो."

माणसं हळूहळू पांगली. ऋजुता चाकावरून उतरली. "लोकिंदर..."

"तुझ्यासाठी नाही थांबलो," तो म्हणाला. "ती खाली आहे म्हणून थांबलो. आणि तिला खाली तू ठेवलंस, हे मी विसरणार नाही."

*

मे कोरडा गेला. पाऊस पडला नाही. हिरव्या वनाचं बर्फ संथपणे, शहाण्यासारखं वितळलं. सहा मेला ओढा घोट्याइतका होता. तलावाचे वरचे दीड हात रिकामे राहिले ते रिकामेच राहिले.

जूनभर गावाने तलावाचंच पाणी वापरलं. हिमदर्शीचं ऐकलं असतं तर ते पाणी नसतं, हे कुणी बोललं नाही. अठरा जूनला तलाव संपला. पाटाच्या शेवटच्या बागांतली फळं लिंबाएवढी झाली होती. ती गळू लागली.

एका सकाळी अम्मा पहिल्यांदाच बांधाखाली आल्या. पदराचा ओचा भरलेला होता. झोपडीच्या उंबऱ्यावर त्यांनी तो रिकामा केला. कच्ची, हिरवी, सुरकुतलेली सफरचंदं गडगडत चुलीपर्यंत गेली.

"घे," त्या म्हणाल्या. "तुझे दीड हात."

सईला जवळ घेऊन त्यांनी तिच्या केसांचा वास घेतला, आणि ऋजुताकडे न बघता निघून गेल्या.

ऋजुता फळं वेचत बसली होती तेव्हा दारात काठी वाजली. ताऊजी आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच्या दगडावर बसले. तो दगड त्यांचाच होता, मधोमध बसून बसून खोलगट झालेला.

"प्रधान म्हणतोय, पुढच्या वर्षी दुसरा कोणी कोहली बघू."

"बघू देत."

"कोणी नाही मिळणार. सगळ्यांना पोरं आहेत." त्यांनी काठी वरच्या काळ्या वनाकडे वळवली. "ती खोडं अजून किती वर्षं काळं झाडतील?"

"दहा. कदाचित जास्त. दर वर्षी थोडं कमी."

"म्हणजे दर वर्षी नवा हिशोब."

"हो." तिने हातातलं सफरचंद खाली ठेवलं. दोन महिने जे विचारायचं होतं ते तिने आता विचारलं. "ताऊजी, तुम्ही तीन हात रिकामे ठेवायचात. चाळीस वर्षं. कधी लागली ती जागा? एकदा तरी पाणी तिथवर चढलं?"

"एकदाही नाही."

"मग मी अहवालात लिहिलं तेव्हा तुम्ही काहीच का नाही बोललात?"

"काय बोलणार? तू विचारलंस, दाखवा पुरावा. जे झालं नाही त्याचा पुरावा कुठून आणू?" त्यांनी काठीने झोपडीच्या आतला कोपरा दाखवला. "तिथे माझी तीन पोरं झोपायची. तिघांसाठी तीन हात. तू एकीसाठी दीड ठेवलेस. माझ्यापेक्षाही भित्री आहेस."

ते उठले. ऋजुता पाया पडायला उठली नाही, आणि त्यांनीही थांबून वाट पाहिली नाही. त्यांच्यात एवढं सलोख्याचं काही झालं नव्हतं.

दुपारी तिने मोबाइल उघडला. हिमदर्शीला तिने या वर्षाचा सगळा हिशोब दिला होता: चौदा रेघा, कोळशाचं वजन, रोजची पातळी. आता त्याला जळकं वन कळलं होतं. पडद्यावर नवा सल्ला आला होता: 'पुढील वर्षी दार एक एप्रिलला उघडा. तलाव पूर्ण क्षमतेने भरा. या वर्षी दीड हात जागा विनाकारण वाया गेली.'

खाली एक रकाना होता. 'बदल सुचवायचा आहे का?' तिने लिहिलं: दीड हात रिकामे ठेवणे.

'कारण लिहा.'

बाहेर खालच्या वाडीतल्या कुणीतरी तोंडाने शिट्टी वाजवली, आणि बारा पोरं आरडाओरडा करत खडकाकडे पळाली. ऋजुता मोबाइल हातात घेऊन तशीच दारात आली, दर वेळी यायची तशी. सई अनवाणी होती, बाहुली अंगणात पडलेली होती. ऋजुताने सगळी पोरं खडकावर पोचेपर्यंत मोजली, बाराच्या बारा, आणि मग लिहिलं: खाली घर आहे.

पडदा क्षणभर थांबला. 'कारण ओळखता आलं नाही. पुन्हा लिहा.'

तिने पुन्हा तेच लिहिलं.